वरातीत परवडणारी गाडी

जानेफळच्या अलीकडच्या फाट्यावरून आत वळलं की जे गाव लागतं, तिथं कोणाचंही लग्न असो, नवरदेव अविनाशच्या गाडीतूनच जातो. गाडी पांढरी, ऐसपैस, आणि हळू चालताना आवाज न करणारी. चालवतो अविनाश स्वतः. नवरदेव मागे बसतो, अविनाश पुढे. अविनाशला छत्तिसावं सरत आलंय आणि त्याचं लग्न झालेलं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि लाज वाटणं वेगळं.

तसा अविनाश वाईट माणूस नाही. वाईट असता तर एव्हाना त्याचं लग्न झालं असतं. याच गावात दारू पिणाऱ्यांची झाली, पत्ते कुटणाऱ्यांची झाली, एकाचं तर दोनदा झालं. अविनाशचा गुन्हा एवढाच की तो शेती करतो. चौदा एकर काळी जमीन, भर उन्हाळ्यात पाणी टिकवणारी विहीर, ठिबक, सोयाबीनमध्ये तूर, मागाहून हरभरा. कोणाचा रुपया देणं नाही. नाकीडोळी नीट आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण पोरीचे बाप मोठे खट असतात. शेतकरी जगला पाहिजे असं भाषणात म्हणतात, आणि पोर द्यायची वेळ आली की पुण्यातल्या कंपनीत कंत्राटावर लागलेला पोरगा शोधतात. शेतकरी जगावा, पण दुसऱ्याच्या पोरीसोबत.

पंजाबराव नावाचा एक माणूस या भागात सोयरिकी जुळवत हिंडतो. सोयरिकीसाठी चपला झिजवल्या असं सांगतो, पण फिरतो नेहमी कोणाच्या तरी मोटरसायकलच्या मागे बसून. त्यानं अविनाशला चिखलीकडचं एक स्थळ आणलं. मुलीचं नाव प्रतीक्षा, शिक्षण बीकॉम. अविनाश, त्याचा बाप इंद्रभान आणि आई अंबूबाई भाड्याची जीप करून तिच्या गावी गेले. पोहे झाले, चहा झाला, आणि आजकालच्या रीतीप्रमाणे दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं.

गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. अविनाशला काही सुचेना. घसा खाकरून त्यानं विचारलं, "प्रवासाचा त्रास तर नाही झाला?"

"मला कशाचा त्रास? प्रवास तर तुम्ही केला," प्रतीक्षा म्हणाली आणि तिला हसू आलं. मग समोरचा माणूस लाल झालेला पाहून तिला दया आली असावी. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "माझ्या मामांनी पुण्यात हायब्रीड गाडी घेतलीय. आवाजच येत नाही तिचा. मला फार आवडली."

एवढंच. खालून हाक आली आणि दोघं उतरले. पण अविनाशनं ते वाक्य असं जपून आणलं, जणू मुलीनं होकारच बांधून दिला होता. 'मला फार आवडली.' आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीनं आपल्याला काय आवडतं ते त्याला सांगितलं होतं. बिचाऱ्याला हे कोण समजावणार, की पाहुण्यांशी माणूस हवापाण्याचंही बोलतो, म्हणून काही कोणी पाऊस मागत नसतो.

मुलीकडच्यांनी 'कळवतो' म्हटलं होतं. ते कळवायच्या आत अविनाश बापाला घेऊन अकोल्याला गाड्यांच्या शोरूमात गेला. गाडी घ्यायची हे घरात ठरलेलंच होतं, कारण पंजाबरावच म्हणायचा, "आता कोणी विहीर पाहत नाही, दारातली चारचाकी पाहतात." पण इंद्रभानच्या डोक्यात साधी पेट्रोलची गाडी होती. अविनाश थेट हायब्रीडसमोर जाऊन उभा राहिला. तिची किंमत साध्या गाडीहून चार लाखांनी जास्त.

विकणारा पोरगा प्रामाणिक निघाला. असा एखादाच भेटतो, तोही नेमका नको तेव्हा. त्यानं विचारलं, "रोजचं फिरणं किती आहे साहेब?"

"रोजचं काय? घरून वावरात, वावरातून घरी."

"मग पेट्रोलचीच घ्या. ही गाडी हळू चालते, थांबते, पुन्हा हळू चालते, तेव्हा बॅटरीवर चालते आणि पेट्रोल वाचवते. शहरातल्या गर्दीत हिचे जास्तीचे पैसे चार-पाच वर्षांत वसूल होतात. तुमच्या मोकळ्या रस्त्यावर कधी होतील, सांगता येत नाही."

इंद्रभानला माणूस देवासारखा वाटला. "ऐक बे! विकणारा नको म्हणून राह्यला. अन् हायब्रीडचं मले नको सांगू. म्या हायब्रीड ज्वारी पेरली होती. कणीस पाहा तर हे एवढं, अन् भाकर ढोरंही हुंगत नव्हते."

"बाबा, हेच घ्यायची."

"काऊन पण?"

काऊन ते अविनाशला सांगता येईना. एका मुलीनं मिरच्यांच्या वाळवणाजवळ उभं राहून 'मला आवडली' म्हटलं, हे बापाला सांगायचं कसं? तो प्रदूषण म्हणाला, भविष्य म्हणाला, पेट्रोल महागणार म्हणाला. इंद्रभान कंटाळून बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसला. लग्नासाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे आणि त्या सालची सगळी तूर त्या गाडीत गेली.

"लग्नाचा पैसा गाडीत घातला, तं लग्न कशात करशीन?" परत येताना बाप म्हणाला.

"गाडी आली का लग्न होते," अविनाश म्हणाला. लग्न झालंही, पण कोणाचं ते पुढं येईलच.

गाडी दारात आली तेव्हा अंबूबाईनं तिला ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सारी आळी गोळा झाली. म्हातारे बॉनेटला कान लावून विचारत होते, "चालू हाय का बंद?" अविनाश अभिमानानं सांगत होता, "चालू हाय. आवाज नाही करत." गावातली टवाळ पोरं तर वाटच पाहत असतात. त्यातला एक म्हणाला, "अव्या, हायब्रीडचं बी एकदाच पेरता येते बरं. तुह्याकडं तं पयली पेरणीही नाही झाली." लोक पोट धरून हसले. अविनाशही हसला. हसण्यावाचून त्याला दुसरं येत काय होतं?

स्वस्तिकाचं कुंकू अजून गेलं नव्हतं, तोच पंजाबरावचा फोन आला. मुलीला पुढं शिकायचंय म्हणे. मुलीला पुढं शिकायचंय याचा अर्थ या जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. अविनाशनं फोन ठेवला आणि बाहेर जाऊन गाडी पुसली. पुसलेली गाडीच त्यानं पुन्हा पुसली. अंबूबाई दारातून पाहत राहिली.

पुढच्याच लगीनसराईत शेजारच्या ऋत्विकचं लग्न निघालं. ऋत्विक अविनाशहून दहा-अकरा वर्षांनी लहान. त्याला सायकल शिकवली ती अविनाशनं. त्याचा बाप येऊन म्हणाला, "घरची गाडी असतानी भाड्याची काऊन आणू?" भाऊबंदकीत अशा गोष्टीला नाही म्हणत नाहीत आणि भाडंही मागत नाहीत. लग्न लागल्यावर गाडीवाल्याला टॉवेल-टोपी देतात, झालं. गाडीला झेंडूच्या माळा लागल्या, काचेवर ऋत्विकचं आणि त्याच्या नवरीचं नाव चिकटलं, आणि अविनाश नवरदेवाला घेऊन निघाला.

मुलीच्या गावच्या मारुतीपासून मांडवापर्यंत वरात निघाली. पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारे, मागे ही गाडी. चार पावलं चालायची आणि थांबायची. दुपार कलली तरी वरात मांडवाला पोचेना. तेव्हा अविनाशच्या लक्षात आलं की पेट्रोलचा काटा हललेलाच नाही. मेहकर तालुक्यात शहरासारखी गर्दी कुठं होते? वरातीत होते. शोरूमातल्या पोरानं सांगितलं होतं तसं हळू चालणं, थांबणं, पुन्हा हळू चालणं, सारं इथं होतं. चार लाख जास्तीचे देऊन घेतलेली गाडी दुसऱ्यांच्या लग्नात वसूल व्हायला लागली.

त्या पहिल्या सराईत बायका मोठ्या मायेच्या होत्या. नवरदेवाची हळद उरली की कुवाऱ्या पोरापोरींच्या गालाला लावतात, म्हणजे त्यांचंही लवकर जमतं. ऋत्विकच्या हळदीला वाटी घेऊन बायका अविनाशच्या मागे लागल्या. "अवि भाऊ, पयऊ नका, आता तुमचाच नंबर." अविनाश लाजत पळाला, आणि शेवटी पकडला गेला. घरी येऊन त्यानं दोन दिवस तोंड नीट धुतलं नाही. त्या सराईत त्याच्या गालाला किती घरांची हळद लागली याची मोजदाद नाही.

दुसऱ्या सराईतली गोष्ट. एका हळदीला अविनाश मांडवाच्या खांबाजवळ उभा होता. वाटी घेतलेल्या बायका हसत-खिदळत त्याच्याकडे यायला लागल्या. त्यानं सवयीनं मान मागे घेतली, पळण्याचं नाटक करायला पाय उचलला. बायका त्याच्या शेजारून पुढे गेल्या आणि पलीकडे उभ्या असलेल्या विशीतल्या दोन पोरांना त्यांनी माखून काढलं. कोणी मुद्दाम केलं असतं तर राग तरी आला असता. कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. अविनाशनं उचललेला पाय खाली ठेवला. त्या दिवशी त्याला कळलं की आपण लग्नाच्या पोरांतून उठून गाडीवाल्यांत जाऊन बसलो, आणि ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

त्याच सालच्या कार्तिकात भाऊबंदातली चांगुणाकाकू घरी आली. तिचा हरिओम पुण्याला एका कारखान्यात कंत्राटावर होता. "हरिओमले पाहुणे येऊन राह्यले घर पाहाले," ती म्हणाली. "दोन घंटे गाडी आमच्या दारात उभी राहू दे बापा. रिकामं दार बरं नाही दिसत." अविनाशला हरभऱ्यावर फवारणीला जायचं होतं. पाठीवर पंप होता. त्यानं खुंटीवरची किल्ली काढून दिली. तोवर त्यानं किल्ली कधी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती, ती त्या दिवशी पहिल्यांदा दिली. सांजच्याला गाडी परत आली, सीटवर पेढ्याचा एक पुडा ठेवलेला.

लग्नपत्रिका माघात आली. अविनाशनं ती हरिओमच्या नावापर्यंत सहज वाचली. त्याखाली प्रतीक्षाचं नाव होतं. बापाचं नाव तेच, चिखलीकडचं गाव तेच.

तो पंजाबरावला गाठायला जानेफळच्या बाजारात गेला. पंजाबराव भजी खात होता.

"तिले पुढं शिकायचं होतं ना?"

"शिकली ना वर्षभर," पंजाबराव म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. "आता चांगलं स्थळ काय सांडू देतात? तुह्या कामी नाही आलं, गावाच्या कामी आलं. अन् खरं सांगू का अवि, पोराची नोकरी पाहून तिचा बाप हो-नाही, हो-नाही करत होता. पण दारात गाडी पाहिली अन् तिथंच सुपारी फोडली. तुह्या गाडीचे उपकार हायेत."

"गाडी माही हाय, सांगितलं का त्याहिले?"

"त्याहिनं विचारलं नाही," पंजाबराव म्हणाला आणि भज्यांचा कागद त्याच्यापुढं केला. "घे, गरम हायेत."

चांगुणाकाकूनं गाडी पुन्हा मागितली नाही. मागायची गरजच नव्हती. अविनाश येणार हे धरूनच चाललं होतं सगळं. अंबूबाई रडकुंडीला आली. "नको जाऊ बापू. बिघडली म्हणून सांग. मी सांगतो चांगुणीले." इंद्रभान म्हणाला, "जाऊ दे त्याले. नाही गेला तं गाव म्हणीन, जळते." अविनाशनं दोघांचंही ऐकून घेतलं. तो जाणार होता, पण गावाच्या भीतीनं नाही. ती गाडी जिच्यासाठी घेतली तिनं एकदा तिच्यात बसावं, तो आवाज नसलेला आवाज ऐकावा, आणि ही गाडी कोणाची ते तिला कळावं, एवढंच त्याला हवं होतं. लग्न गेलं ते गेलं. माणूस हरला की मागणं किती लहान करत जातो, ते पाहून चीड येते.

लग्नाच्या दिवशी त्यानं नवा शर्ट घातला. वरातीत गाडी मुंगीच्या पावलानं चालली आणि आत हरिओम आरशात पाहून फेटा सावरत होता. मांडवाच्या दारात प्रतीक्षाच्या बापानं नवरदेवाला हात धरून उतरवलं. अविनाशकडे त्यानं पाहिलं आणि सांगितलं, "गाडी तिकडं लिंबाखाली लावा." ड्रायव्हरचं तोंड कोण पाहतं?

चार वाजता बिदाई झाली. प्रतीक्षा रडून सुजलेल्या डोळ्यांनी मागे बसली, शेजारी हरिओम. गाडी चिखली सोडून मेहकरच्या रस्त्याला लागली. अविनाशनं गाणी लावली नाहीत. नसलेला आवाज ऐकू यायला हवा ना! मुद्दाम हळू चालवत होता. आरसा त्यानं थोडा फिरवून ठेवला होता. ती बाहेर पाहत होती.

तिचा फोन वाजला. मैत्रीण असावी. "हो, निघालो गं," प्रतीक्षा म्हणाली. "गाडीतच आहे. नाही, भाड्याची नाही, यांचीच आहे. ड्रायव्हर आहे ना."

हरिओमचे डोळे मिटलेले होते. झोपला होता की झोपेचं सोंग होतं, त्याचं त्याला माहीत. अविनाशच्या तोंडात शब्द आले होते. वहिनी, गाडी माझी आहे. गच्चीवरचा मी. एवढे दोन शब्द बोलला असता तर मागच्या सीटवरचा संसार पहिल्याच दिवशी खोटा पडला असता. त्याला ते करावंसं वाटलं, फार वाटलं. पण तो गाडी तशीच हळू चालवत राहिला.

"काका," मागून आवाज आला, "एसी थोडा कमी करता का?"

काका! कानाजवळचे पांढरे केस त्यानं सकाळीच आरशात पाहिले होते. त्यानं एसी कमी केला.

मेहकरच्या चौकात दुसरी एक वरात आडवी आली. गाड्या खोळंबल्या. अविनाशची गाडी थांबली, इंजिन आपोआप विझलं, आणि आत अशी शांतता पसरली की बांगड्या किणकिणलेल्या ऐकू याव्यात. अविनाशनं श्वास धरला. मामाच्या गाडीसारखीच ही शांतता होती. हिनंच सांगितलेली, हिला आवडलेली. आता तरी ती म्हणेल. त्यानं आरशात पाहिलं. प्रतीक्षा पुढे झुकली होती.

"काका, बंद पडली का गाडी?"

"नाही," अविनाश म्हणाला. "अशीच असते ही."

घरी नवरीला ओवाळून आत घेतल्यावर चांगुणाकाकू बाहेर आली. त्याच्या हातात टॉवेल-टोपी ठेवून हळूच म्हणाली, "दोन-चार दिवस राहू दे गाडी दारात. पोर नवी हाय. सावकाश सांगू." अविनाशनं किल्ली दिली आणि पायी घरी आला.

"गाडी कुठी हाय?" इंद्रभाननं विचारलं. अविनाशनं सांगितलं. बाप म्हणाला, "म्हंजे लग्न गाडीचंच झालं म्हणाव." अंबूबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून गोठ्यात गेला.

चौथ्या दिवशी हरिओम गाडी घेऊन आला. मोकळा झाल्यासारखा दिसत होता. किल्ली देत म्हणाला, "सांगून टाकलं बाप्पा तिले. उगीच डोक्याले ताप."

अविनाश ओट्यावर बसला होता तो उभा राहिला. "काय म्हटलं मंग?"

"म्हटलं, गाडी अविदादाची हाय. तुले पाहाले आला होता तो."

"मंग?"

"आठवून आठवून पाह्यलं तिनं. नाही आठवलं. म्हणे, पंधरा-वीस जण पाहून गेले, कोणाकोणाले ध्यानात ठेवू?" हरिओम हसला. त्यात वाईट हेतू काही नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"अन् गाडीचं?"

"गाडीचं काय? म्हणे, नसली तं नसली. मले गाड्यातलं काय समजते, चार चाकं सारखेच." हरिओम निघाला, आणि फाटकाशी पुन्हा थांबला. "अरे हाव, सांगाचं राह्यलं. पंजाबरावच्या पुतण्याचं लग्न हाय गुरुवारी, नांदुऱ्याले. तुलेच सांगाले लावलं. म्हणे, वरातीत अविसारखी हळू कोणी चालवत नाही."

अविनाशनं किल्ली मुठीत धरली होती. हरिओमच्या बोलण्यातलं त्याला काय काय लागलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कोणालाही सांगता आलं नसतं. गाडीच्या काचेवर हरिओमचं आणि प्रतीक्षाचं नाव अजून चिकटलेलं होतं. तो जवळ गेला आणि नखानं एक एक अक्षर खरवडायला लागला.

"कितीले निघाचं?" त्यानं विचारलं.